फिटच्या गोळ्या, पाळी आणि लग्नाआधीचे पाच महिने

डिचोली तालुक्यातल्या एका 24 वर्षांच्या मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत पहिली मोठी फिट आली. त्याच्या आधी वर्षभर सकाळी उठल्या उठल्या हात उडायचे, चहाचा कप सांडायचा, आणि घरात सगळे ‘धांदरट’ म्हणायचे. तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी चालू आहे, आता दिवसाला 1000 मिलिग्रॅम. गेल्या तीन वर्षांत एकही फिट नाही. पण वजन 14 किलोंनी वाढलं, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, हनुवटीवर केस दिसू लागलेत. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’, म्हणजे ओव्हरीत बारीक गाठी, असं लिहून आलं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळी नियमित करायला 21 दिवसांच्या हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. लग्न ठरलं आहे, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा. आई म्हणते, फिट येत नाही तर गोळ्या बंदच कर, त्यांनीच सगळं बिघडवलं. आणि शेवटी एक प्रश्न: चवथीतच, म्हणजे गणेशचतुर्थीत, पाळी आली तर पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालेल का?

बाय, सगळ्यात आधी आज रात्रीची गोळी घे. उद्याचीही घे. हे उत्तर वाचून झाल्यावरसुद्धा, न्यूरोलॉजिस्टना भेटेपर्यंत अर्धी गोळीही कमी करू नकोस.

सकाळी हात उडणं आणि मग पंधराव्या वर्षी जागरणानंतर मोठी फिट, हे चित्र आम्हाला फार ओळखीचं आहे. याला जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. गोळीनं हा अपस्मार छान ताब्यात राहतो, पण गोळी काढली की बहुतेकींना तो परत येतो, मध्ये तीन वर्षं शांत गेली असली तरी. त्यातून गोळी एकदम थांबवली तर एकामागून एक फिट येत राहतात आणि मधे शुद्धच येत नाही, असंही होतं. अशा मुली मी अतिदक्षता विभागात पाहिल्या आहेत. त्यांतल्या एकीची आई बाहेर बाकावर बसून तेच सांगत होती जे तुझी आई म्हणते. तिनंही गोळ्या मायेपोटीच बंद केल्या होत्या.

पण तुझ्या आईचं निम्मं खरं आहे. पाळी, वजन, हनुवटीवरचे केस यांचा त्या गोळीशी संबंध असू शकतो, आणि तुझ्या वर्णनावरून तो असावा असंच मला वाटतं. फोंड्यात 26 वर्षं न्यूरोलॉजीची प्रॅक्टिस करताना मला सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं की हे मुलींना कुणी वेळेवर सांगत नाही. न्यूरोलॉजिस्ट विचारतो, “फिट आली?” ती म्हणते, “नाही.” तो तीच गोळी पुन्हा लिहितो. स्त्रीरोगतज्ज्ञ विचारतात, “पाळी कधी आली?” आणि फिटच्या गोळीची चिठ्ठी मागून घेत नाहीत. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात, आणि मुलगी मधल्या मधे राहते.

आता हे होतं कसं, ते समजून घे. पाळीची सूत्रं ओव्हरीत नसतात, मेंदूत असतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग दर तास-दीड तासानं एक संप्रेरक थोडं थोडं सोडतो. त्या ठोक्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि पिट्युटरीच्या इशाऱ्यावर ओव्हरी. फिट म्हणजे मेंदूतल्या विजेचा गोंधळ. तो कानशिलाजवळच्या टेम्पोरल भागात असेल तर हायपोथॅलॅमसशी त्याचे थेट धागे जोडलेले असतात, म्हणून ठोका चुकतो. त्यामुळे गोळी सुरू व्हायच्या आधीपासूनच पाळी अनियमित असलेल्या बायकाही मी पाहते. सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही, तो एवढ्यासाठी.

उलट दिशेनंही तसंच आहे. इस्ट्रोजेन मेंदूला चेतवतं. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक पदार्थ तयार होतो, तो मेंदूला शांत करतो. झोपेच्या काही गोळ्या मेंदूत ज्या जागी काम करतात जवळपास त्याच जागी. पाळी यायच्या आधी प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं खाली येतं आणि तो आधार निघून जातो. अपस्मार असलेल्या बायकांपैकी साधारण तिघींतल्या एकीला ठरावीक दिवसांत फिट वाढतात: पाळीच्या आगेमागे तीन दिवस, नाहीतर मध्यावर बीज सुटतं तेव्हा. ज्यांना बीजच नीट सुटत नाही, त्यांना पुढचा सगळा पंधरवडा जड जातो.

वाळपईकडची एक बाई माझ्याकडे आली होती, काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी. फेनिटॉइनवर होती आणि दर वेळी फिट आली की आधीचे डॉक्टर डोस वाढवत गेले होते, इतका की ती चालताना झोकांड्या खात होती. मी नेहमीचं विचारलं, फिट कधी येतात? तिनं पिशवीतून सुरळी केलेलं कालनिर्णय काढून टेबलावर उलगडलं. दुधाच्या हिशोबाची निळी टिंबं, पाळीच्या पहिल्या दिवशी कुंकवाचा ठिपका, आणि फिटच्या दिवशी नवऱ्यानं पेनानं मारलेली फुली. नऊ महिन्यांत अकरा फुल्या. आठ फुल्या कुंकवाच्या ठिपक्याला चिकटून. मला एमआरआयनं जे दाखवलं नसतं, ते त्या कॅलेंडरनं दोन मिनिटांत दाखवलं. आम्ही फेनिटॉइन कमी केलं, आणि पाळीच्या आधीपासून फक्त दहा दिवस क्लोबाझाम जोडलं. क्लोबाझाम रोज घेतलं तर शरीर त्याला सरावतं आणि त्याचा जोर ओसरतो. ठरावीक दिवसांपुरतं घेतलं की तो टिकतो. पुढच्या सहा महिन्यांत दोन फुल्या.

म्हणून मी प्रत्येकीला सांगते, पाळी आणि फिट एकाच कॅलेंडरवर लिहा. मोबाइलमधली ॲप्सही चालतात, पण भिंतीवरचं कॅलेंडर घरातलं कुणीही भरू शकतं, आणि फिट आलेल्या बाईला स्वतःला काही आठवत नसतं. तुझ्या बाबतीत फिट नाहीत, म्हणून तू सकाळचे हात उडणे लिही. एक बारीक झटका आला, फणी हातातून सुटली, तरी ठिपका. पुढे औषध बदलताना काही बिघडणार असेल तर त्याची पहिली खूण तीच असेल. शुद्ध प्रोजेस्टेरॉन देऊनही हे साधतं का, याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, तिचा निकाल 2012 साली आला. सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. ज्यांच्या फिट पाळीच्या दिवसांत तिपटीनं किंवा जास्त वाढतात, अशांना दिसला. म्हणजे आधी कॅलेंडर, मग औषध.

आता तुझ्या व्हॅल्प्रोएटकडे. ते चांगलं औषध आहे. तुझ्या प्रकारच्या अपस्मारात त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं क्वचितच. पण ते भूक आणि इन्सुलिन वाढवतं, आणि ओव्हरीत टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होऊ लागतात. फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या डॉक्टरांनी 1993 साली हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं. विसाव्या वर्षाच्या आत व्हॅल्प्रोएट सुरू झालेल्या मुलींमध्ये 80 टक्के जणींच्या ओव्हरी गाठींच्या होत्या किंवा टेस्टोस्टेरॉन वाढलेलं होतं. अभ्यास लहान होता, म्हणून तो आकडा जशाचा तसा प्रत्येकीला लावू नये, पण कमी वयात सुरू केलं तर त्रास जास्त, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं. तुला ते पंधराव्या वर्षी लागलं. त्याच डॉक्टरांनी 1998 साली आणखी एक गोष्ट दाखवली, ती तुझ्यासाठी महत्त्वाची आहे. व्हॅल्प्रोएट बदलून लॅमोट्रिजिन दिल्यावर वर्षभरात वजन, इन्सुलिन आणि टेस्टोस्टेरॉन खाली आलं. म्हणजे हे बिघडलेलं बरंचसं मागे फिरू शकतं.

सोनोग्राफीवर ‘पीसीओडी’ लिहिलं म्हणजे निदान झालं, असं मात्र नाही. पाळी लांबणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात, आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिन तपासून दुसरी कारणं बाजूला करायला हवीत. प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचं एक संप्रेरक. त्याबद्दल एक सांगते, कारण यात चूक होताना मी पाहिली आहे. फिट आल्यावर काही वेळ ते आपोआप वाढलेलं असतं. सकाळी फिट आली आणि त्याच सकाळी रक्त दिलं, तर आकडा खोटा मोठा येईल आणि पिट्युटरीत गाठ शोधण्यासाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात एमआरआयच्या फेऱ्या सुरू होतील. फिटनंतर एक दिवस सोडून रक्त द्यावं.

तुला औषध बदलायला सांगण्याचं माझं मोठं कारण पाळी नाही, लग्न आहे. हे नीट वाच, आणि तुझ्या आईलाही वाचून दाखव. गर्भ राहिल्यावर बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून बनतात, ती नळी 28व्या दिवसापर्यंत बंद होते. तेव्हा पाळी चुकली हे बाईला जेमतेम कळलेलं असतं, तुझ्यासारखी दोन-दोन महिने पाळी न येणारी असेल तर तेही नाही. ‘दिवस गेले की बघू’ म्हणायला इथे जागाच नाही. युरोपातून सुरू झालेली, अनेक देशांची मिळून एक मोठी नोंदवही आहे, तिचे 2018 सालचे आकडे असे: व्हॅल्प्रोएटवर असलेल्या आयांच्या दर 100 बाळांमागे 10 बाळांत मोठं जन्मजात व्यंग, कार्बामाझेपिनवर साडेपाच, लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटमवर 3च्या आत, म्हणजे कुठलंच औषध न घेणाऱ्या आयांच्या जवळपास. शिवाय व्हॅल्प्रोएटवरच्या 100 मुलांपैकी 30 ते 40 मुलांना पुढे बोलणं, शिकणं, लक्ष देणं यांत अडचणी येतात, ऑटिझमही जास्त दिसतो. जन्माच्या वेळी बाळ अगदी सुदृढ दिसलं तरी. डोस जितका मोठा तितका धोका मोठा. ब्रिटनमध्ये तर 2018 पासून मूल होण्याच्या वयातल्या बाईला गर्भनिरोधाची पक्की व्यवस्था असल्याशिवाय हे औषध देत नाहीत.

हे वाचून घाबरून जाऊ नकोस. तू गरोदर नाहीस, आणि हातात पाच महिने आहेत. म्हणूनच तू आत्ता विचारलंस हे फार चांगलं झालं. साखरपुड्यानंतर, कधी तर बाळंतपणाच्या नोंदणीला गेल्यावर विचारणाऱ्या मुली जास्त.

तू माझ्याकडे आलीस तर मी काय करेन ते सांगते. तुझे डॉक्टर तुला तपासून थोडं वेगळं ठरवू शकतात. मी आधी लेव्हेटिरासिटम सुरू करेन. ते पाळीच्या संप्रेरकांत फारसं ढवळत नाही, काही आठवड्यांत पुरेशा डोसला पोचतं, आणि सकाळच्या झटक्यांवर काम करतं. ते स्थिरावलं की व्हॅल्प्रोएट दोन-तीन महिन्यांत पायरीपायरीनं उतरवायचं. लेव्हेटिरासिटमनं काही जणींची चिडचिड वाढते, रडू येतं. आईला आणि जमलं तर होणाऱ्या नवऱ्यालाही हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तो तुझा स्वभाव आहे असं कुणाला वाटणार नाही. मन फारच उदास झालं तर वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. लॅमोट्रिजिन हाही चांगला मार्ग आहे, पण ते व्हॅल्प्रोएटच्या जोडीला असताना रक्तात दुप्पट साठतं, म्हणून फार हळू चढवावं लागतं. अंगावर पुरळ उठलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. शिवाय तुझ्या प्रकारात काही जणींचे झटके त्यानं वाढतात. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन तुला नकोतच, त्यांनी हात उडणं वाढतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘व्हॅल्प्रोएट नको’ एवढंच ऐकून कुणी घाईत यातलं एखादं लिहून देऊ शकतं.

बदलाच्या त्या महिन्यांत स्कूटर चालवायची नाही. डिचोलीहून रोज कामाला जायचं असेल तर कदंबाच्या बसनं किंवा कुणाच्या मागे बसून. गोव्यात मुलीला स्कूटर सोड म्हणणं म्हणजे तिचे पाय बांधण्यासारखं आहे, मला माहीत आहे. तरीही सोड. विहिरीवर एकटीनं पाणी काढायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही, आणि झोप सात तास. जागरण ही तुझ्या अपस्माराची सर्वांत जुनी खोड आहे, दहावीच्या परीक्षेनं ती दाखवलीच.

एखादीला दुसरं कुठलंच औषध लागू पडत नाही, व्हॅल्प्रोएटच लागतं. अशा बायकाही माझ्याकडे आहेत. त्यांच्यासाठी डोस शक्य तितका लहान करतो, मूल हवंय की नाही याबद्दल नवरा-बायकोशी समोर बसवून बोलतो, आणि तोवर कॉपर-टीसारखा भरवशाचा उपाय ठेवतो. त्या बाईनं काही चूक केलेली नसते. फिट येत राहणं आईच्या आणि बाळाच्या दोघांच्याही जिवाला धोक्याचं असतं, हे तिच्या सासूलाही मी तसंच सांगते.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या 21 दिवसांच्या गोळ्यांबद्दल. त्या वाईट नाहीत, पण आत्ताच सुरू करू नकोस असं मला वाटतं. एक तर त्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होईल आणि औषध बदलल्यानं तुझी स्वतःची पाळी सुधारतेय का, ते कळणारच नाही. दुसरं म्हणजे, त्यांतलं इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळजवळ अर्ध्यावर आणतं. उद्या डॉक्टरांनी लॅमोट्रिजिन निवडलं आणि या गोळ्याही चालू असल्या, तर फिट परत येऊ शकतील. गोळ्यांच्या मधल्या सात दिवसांच्या सुट्टीत मात्र पातळी वर जाऊन चक्कर येऊ शकेल. लेव्हेटिरासिटमबरोबर ही अडचण नाही. पण तीन महिने उलटले आणि पाळी आली नाही, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायचं. गर्भाशयाचं अस्तर तसंच साठू देणं बरं नाही. आणि जाताना फिटच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्यायची. ‘मेंदूची गोळी, पांढरी, मधे रेघ असलेली’ यावरून कुणालाच काही कळत नाही.

तुझ्यासारख्याच पण दुसऱ्या गोळ्यांवर असलेल्या बायकाही हे वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही जुनी औषधं यकृताला जास्त वेगानं कामाला लावतात. टोपिरामेट आणि ऑक्सकार्बाझेपिन मोठ्या डोसमध्ये तेच करतात. गर्भनिरोधक गोळी पोटात गेली तरी तिचं काम व्हायच्या आत शरीर ती संपवून टाकतं. कार्बामाझेपिनवर असलेली एक बाई रोज न चुकता गर्भनिरोधक गोळी घेऊन तिसऱ्यांदा गरोदर राहिली होती. घरात सगळे तिलाच विचारत होते, गोळी विसरलीस ना? ती विसरली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दंडात बसवायचं इम्प्लांटही या औषधांबरोबर भरवशाचं नाही. कॉपर-टी किंवा संप्रेरकाची कॉइल चालते, कारण ती गर्भाशयात जागच्या जागी काम करते. तातडीच्या गोळीपेक्षाही अशा वेळी संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर-टी जास्त खात्रीची.

याच औषधांनी रक्तातली मोकळी संप्रेरकंही कमी होतात. मग नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. हे बायका कधीच बसून सांगत नाहीत. सगळं बोलून होतं, त्या उठतात, दाराच्या कडीवर हात ठेवून मागे वळतात आणि हळूच म्हणतात, “डॉक्टर, आणखी एक होतं...” अशा वेळी मी त्यांना परत खुर्चीत बसवते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, औषध बदलून किंवा डोस कमी करून ते सुधारू शकतं. हाडं ठिसूळ होतात तेही याच औषधांनी, म्हणून वर्षातून एकदा ड जीवनसत्त्व तपासा. उन्हाच्या गोव्यातही ते कमी निघतं. पाळी जायच्या वयात संप्रेरकं वरखाली होतात तेव्हा फिट काही काळ वाढू शकतात आणि पाळी पूर्ण गेल्यावर, विशेषतः ज्यांच्या फिट पाळीला धरून असत त्यांच्या, बऱ्याचदा शांत होतात.

मूल होईल का, हे तू विचारलं नाहीस, पण प्रश्नाच्या मागे तेच असावं. अमेरिकेतल्या 2018 सालच्या एका अभ्यासात मूल हवं असलेल्या, वंध्यत्वाचा किंवा तशा आजाराचा इतिहास नसलेल्या बायका घेतल्या होत्या. अपस्मार असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत वर्षभरात साधारण 60 टक्के जणींना दिवस राहिले. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1998 पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवतात. आपल्या देशातलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या 2010 सालच्या अभ्यासात 375 बायकांपैकी साधारण 38 टक्के जणींना मूल राहायला अडचण आली, आणि जितकी औषधं जास्त तितकी अडचण जास्त. या दोन्हींतून मी एवढंच घेते की एका औषधावर राहणं, तेही योग्य औषधावर, ही तुझी सर्वांत मोठी तयारी आहे. त्याबरोबर फॉलिक ॲसिड लग्नाच्या आधीपासून सुरू कर. मी 5 मिलिग्रॅमची गोळी देते. काही डॉक्टर कमी डोस देतात, तेही चालतं. मुद्दा दिवस राहायच्या आधी सुरू करण्याचा आहे.

होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं आहेस का? सांग, आणि रजिस्ट्रारकडच्या पहिल्या सहीच्या आधी सांग. 1999 पर्यंत देशाच्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचं नाव वेडाच्या शेजारी होतं, त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ते काढलं. गोव्यात लग्न आपल्या वेगळ्या नागरी कायद्याखाली होतं, पण लपवण्याची सवय इथेही तीच आहे. गोळी लपवून घेणारी नवी सून दुपारची गोळी चुकवते, माहेरी आल्यावर दोन एकदम घेते, आणि सहाव्या महिन्यात फिट येऊन सगळं उघडं पडतं. त्याला हवं तर माझ्यासारख्या कुणाकडे घेऊन ये, मी त्याच्याशी बोलते. अशी दहा-बारा जोडपी माझ्यासमोर बसली आहेत. दोन लग्नं मोडली, हे खरं आहे. बाकीच्या मुलींचे नवरे आजही गोळ्या आणायला स्वतः येतात.

बाळंतपणाबद्दल एकच गोष्ट, पण ती मनात ठेव. पुढे लॅमोट्रिजिनवर असशील तर गरोदरपणात त्याची पातळी घसरते, डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर काही दिवसांतच शरीर पूर्वपदावर येतं आणि तो वाढवलेला डोस अंगावर येतो. एक बाळंतीण अशी आली होती: एकाचे दोन दिसत होते, पलंगावरून उठताना तोल जात होता. घरच्यांना वाटलं अशक्तपणा. त्यात सहाव्या दिवशी सटीचं जागरण, आणि पहाटे फिट. म्हणून डोस कसा उतरवायचा ते बाळंतपणाच्या आधीच कागदावर लिहून घ्यायचं, रात्रीचं एखादं पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर आजीकडे सोपवायचं. आणि अंगावर पाजायचं. बहुतेक फिटच्या औषधांबरोबर ते सुरक्षित आहे.

आता चवथ. पाळी पुढे ढकलायची गोळी, म्हणजे नॉरएथिस्टेरोन, या वर्षी घेऊ नकोस. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं असलं तरी मेंदूला शांत करणारा तो पदार्थ त्यापासून तयार होत नाही. त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि ती थांबवल्यावर संप्रेरकं एकदम खाली येतात. तेव्हा तू नेमकी औषध बदलण्याच्या मध्यावर असशील. शिवाय ज्या पाळीची तारीखच ठरलेली नाही, ती किती दिवस आधीपासून ढकलत बसणार? आली तर आली. पूजेला बसणं न बसणं तुमच्या घरचं घरात ठरवा, पण त्यासाठी मेंदूशी खेळ नको.

तयीचा, म्हणजे हरितालिकेचा, उपास करणार असशील तर फळं-दूध घेऊन कर, निर्जळी नको, आणि गोळ्या दोन्ही वेळच्या पाण्याबरोबर घ्यायच्याच. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान बांधायला, नेवऱ्या तळायला रात्री दोनपर्यंत जागणं यंदा बहिणींवर सोड. घुमटाची आरती ऐक, फुगडी घाल, पण अकराला झोपायला जा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेताना हात उडाला, तर कालनिर्णयवर ठिपका ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, विसर्जनापर्यंत थांबू नकोस.